ताईच्या चपलेतला स्पंज

साकीनाक्याला एका इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गाळ्यात मी तरुणपणाची काही वर्षं बुटांच्या पोटात स्पंज चिकटवला. वरचं चामडं आणि खालचा रबरी तळ यांच्यामधे मऊ थर असतो, तो. आता त्याला मिडसोल म्हणतात. त्याच्या जाहिराती येतात, त्यात हवा भरलेली असते, जेल असतं, असं माझा मुलगा मला समजावून सांगतो. आमच्या गाळ्यात त्याला नुसतं ‘मधलं’ म्हणायचे. ‘मधलं लावलंस का रे?’ एवढंच. मधलं चांगलं असलं तर माणसाला ते आहे हे कळतच नाही. नसलं तर संध्याकाळपर्यंत टाचेतून मेंदूपर्यंत कळतं.

आमच्याकडे ही नोकरी कोणी उघड सांगत नसे. मामा बाहेर सांगताना ‘भाचा रबरच्या लायनीत आहे’ असं सांगायचा. रबराचा काही संबंध होताच, त्यामुळे ते अगदी खोटंही नव्हतं. आमच्या घरात अगदी-खोटं-नव्हे अशा गोष्टींचा मोठा साठा होता. पुढे मी त्यात भर घातली.

घाटकोपरला बैठ्या चाळीत आमच्या दोन खोल्या. वडील मी शाळेत असतानाच गेले. थोरली बहीण एका नर्सिंग होममध्ये नर्स होती आणि घर तिच्या पगारावर चालायचं. ते चालत होतं तोवर तिच्या लग्नाचा विषय आई काढत नव्हती, मामा काढत नव्हता आणि मी तर नाहीच नाही. माझा पगार सुरू झाल्यावर विषय निघाला, आणि तेव्हा सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं की ताई उंच आहे.

उंच म्हणजे आमच्या खोलीच्या दारातून जाताना तिची मान आपोआप थोडी कलायची. स्थळं यायची, पोहे खायची, ताई चहा घेऊन आत आली की मुलगा बसल्या जागी सरळ व्हायचा आणि त्याची आई आधी ताईकडे, मग मुलाकडे बघायची. नंतर निरोप यायचा, की पत्रिका जुळत नाही. इतक्या पत्रिका एका मुलीशी न जुळणं हाही एक योगच म्हणायचा.

ताईला त्याचं काही वाटत असेल तर ते दिसायचं नाही. ‘पुढच्या वेळी मी बसूनच चहा देते,’ ती म्हणायची. ‘स्टुलावर ट्रे, ट्रेवर कप, आणि मी जमिनीवर. बघू या पत्रिका जुळते का.’

मला मात्र फार वाटत होतं, आणि ते ताईसाठी नव्हतं. मुलुंडला एक मुलगी होती. आमचं ठरल्यासारखंच होतं. पण थोरली बहीण घरात असताना धाकट्या भावाने बोहल्यावर चढायचं, हे ना आमच्या आईला चालणार होतं ना तिच्या वडिलांना. ती मला एकदा स्पष्टच म्हणाली, ‘हे बघ, बाबा दिवाळीपर्यंत थांबतील. मग कल्याणच्या स्थळाला हो म्हणतील. तुझ्या ताईचं कधी होणार ते एकदा विचार ना घरी.’

‘विचारून काय होणार? ती काय मुद्दाम उंच झालीये?’

‘मग तू काहीतरी कर ना यार.’

म्हणून मी काहीतरी केलं.

त्या सुमारास मामाने बोरीवलीचं एक स्थळ आणलं. मुलगा सरकारी कचेरीत, एकुलता एक, आई आणि तो. मामाने ताईची उंची सांगताना दोन इंच कमी सांगितली होती. त्यांनी मुलाची जी सांगितली त्यावरून दोघं बरोबरीला येत होती. मी हिशेब केला. ताई रोज घालायची ती चप्पल मीच गाळ्यात बनवलेली. दिवसभर उभं राहण्याचं काम, म्हणून मी तिच्यात दुप्पट जाडीचा स्पंज घातला होता. माझ्या हाताने घरी आणलेली ती पहिली वस्तू. ताईने ती घालून खोलीत चक्कर मारली होती आणि म्हणाली होती, ‘अरे, ही तर चालतच नाही, तरंगते!’ चाळीतल्या चार बायकांना तिने ती पायातून काढून हातात दिली होती.

दुप्पट जाडीचा स्पंज म्हणजे चांगला बोटभर. मामाने कमी केलेले दोन इंच मला खरोखर कुठून तरी काढायचे होते. निदान बोटभर तरी माझ्या हातात होते.

एका सकाळी ताई रात्रपाळी करून झोपली असताना मी चप्पल पिशवीत टाकून गाळ्यावर नेली. चामडं कापायच्या रापीने तळ सोडवला, स्पंज खरवडून काढला आणि तळ सरळ वरच्या पुठ्ठ्याला चिकटवून टाकला. कड इतकी सफाईने घासली की बघणाऱ्याला फरक कळू नये. घरी येऊन म्हणालो, ‘तळ सुटत आला होता, नीट करून आणली.’

तळ सुटत आला नव्हता. हे वाक्य लिहायला मला जवळपास माझं निम्मं आयुष्य लागलं आहे.

दुसऱ्या दिवशी ताईने विचारलं, ‘रे, ही अशी दगडासारखी का झाली?’

‘चिकटवायचं नवीन सोल्यूशन आहे. आठवड्यात बसेल.’

तिने मान हलवली. या बाबतीत माझा शब्द तिच्यासाठी शेवटचा होता. डॉक्टरांनासुद्धा ती सांगायची, ‘आमच्या भावाला विचारा, पायात काय घालायचं ते.’

मुलगी बघायला त्यांनी घरी यायचं नाही, बाहेर भेटायचं, ही कल्पनाही माझीच. घरी आलं की सगळे दाराबाहेर चपला काढणार आणि माझी सगळी कारागिरी उंबऱ्याबाहेर पडून राहणार. आई भडकली. ‘मुलगी काय बाजारात मांडायची आहे?’ मी म्हणालो, ‘अगं, हल्ली असंच करतात. मोकळेपणाने बोलता येतं.’ मामाला वाटलं तिकडचे लोक नाराज होतील. पण त्यांनी एका दिवसात होकार कळवला. उलट आभारच मानले. तेव्हाच मला संशय यायला हवा होता. मला वाटलं, काय सुधारलेली माणसं आहेत!

भेट ठरली आणि मधे पितृपक्ष आला. आई म्हणाली, या दिवसांत असलं काही नको. मग नवरात्रातला दिवस धरला. त्या लांबलेल्या दिवसांत ताई तीच चप्पल घालून वॉर्डात उभी राहत होती. घरी आली की भिंतीला हात लावत आत यायची आणि पाय पातेल्यातल्या मिठाच्या पाण्यात सोडून बसायची. पाणी मी तापवून द्यायचो. आई शेजाऱ्यांना सांगायची, ‘बहिणीचं किती करतो बघा.’ मी स्टोव्हला पंप मारत ऐकायचो आणि मला खरोखर थोडं बरंही वाटायचं, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

भेटीच्या दिवशी आई, मामा, ताई आणि मी बोरीवलीला पार्काच्या गेटाजवळच्या बागेत पोचलो. मुलगा आणि त्याची आई आधीच येऊन थांबले होते. मुलगा बाकावर बसला नव्हता, उभा होता, तेही वाटेच्या उंच कडेला. हसतमुख, थोडा घामाघूम, पायात काळे कुळकुळीत बूट. ताई समोर उभी राहिली आणि मी श्वास रोखला. जमलं होतं! अगदी बरोबरीला नाही, पण ‘दोघं उंच आहेत’ असं म्हणता येईल इतपत. दोन्ही बाजूंच्या आया एकमेकींकडे बघून हसल्या. शेंगदाणे घेतले, मुलाला नोकरीचं विचारलं, ताईला पाळ्यांचं विचारलं. मी मनातल्या मनात मुलुंडला पोचलोही.

आणि मामा उठला. ‘नवरात्र चालू आहे. इथे पाच मिनिटांवर देवी आहे म्हणे. शुभकार्याला आलोय आणि दर्शन न घेता जायचं?’

मुलाची आई लगबगीने म्हणाली, ‘आत्ता गर्दी असेल हो. उन्हाची वेळ.’

‘गर्दी आहे म्हणजे देवी जागृत आहे,’ मामा म्हणाला. आणि तो चालायलाही लागला. घरचा उंबरा टाळायला आम्ही इतक्या लांब आलो होतो. देवळालाही उंबरा असतो हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तिकडच्यांच्याही आलं नसावं.

देवळाबाहेर फुलवालीने हाक मारली, ‘चपला इथं काढा, मी बघते.’ ताईने चप्पल काढली आणि तिचा चेहरा सैल झाला. मुलगा खाली बसून बुटाच्या नाड्या सोडत होता. त्या नाड्या काही केल्या सुटत नव्हत्या. त्याची आई पदराने वारा घेत दुसरीकडे बघत होती. शेवटी सुटल्या. फुलवाली म्हणाली, ‘बूट आत सरकवा, पायाखाली येतील,’ आणि मी वाकून ते उचलले.

उचलल्याबरोबर कळलं. बूट जेवढा दिसत होता त्यापेक्षा जड होता. तळाच्या वर कडक स्पंजचा आणखी एक जाड थर, टाचेकडे चढत गेलेला, आणि कड काळ्या पॉलिशने रंगवलेली, सगळा मिळून एकच तळ वाटावा म्हणून. काम बेताचं होतं. एवढ्या कडक मधल्यावर माणूस उतारावर उभा असल्यासारखा दिवसभर पुढे घसरत राहतो. मी दोन्ही बूट नीट जोडीने ठेवले, ताईच्या चपलेशेजारी. बोटभर काढलेलं आणि दोन बोटं भरलेलं, दोन्ही फुलवालीच्या टोपलीमागे शेजारी शेजारी बसलं.

रांगेत ताई आणि तो बरोबर उभे राहिले तेव्हा त्याचं डोकं तिच्या कानाशी आलं. आमच्यातल्या प्रत्येकाने देवीकडे नजर लावली. इतक्या एकाग्रतेने आमच्या घरात पूर्वी कोणी दर्शन घेतलं नसेल.

मी त्या दोघांच्या मागेच होतो. तो म्हणाला, ‘फरशी तापलीये. तुम्हाला चटके बसत नाहीत ना?’

‘नाही हो,’ ताई म्हणाली. ‘उलट बरं वाटतंय. चपलेपेक्षा बरं.’

‘मलाही,’ तो म्हणाला, आणि दोघं एकदम हसली. कशाला, ते त्यांचं त्यांना माहीत. मला दोन्ही बाजूंचं माहीत होतं आणि हसू येत नव्हतं.

परत निघताना आई आणि मामा बसस्टॉपकडे पुढे चालत होते. ताई मागे राहिली. ती पाय जपून टाकत होती.

‘त्यांचे बूट बघितलेस?’

‘बघितले की.’

‘मग?’

‘मग काय? जाड तळाचे आहेत. सध्या फॅशनच आहे.’

ती थांबली. ‘हे बघ, तो बुटका आहे याचं मला काही नाही. माझ्यासमोर बहुतेक सगळे बुटकेच आहेत. माणूस मला बरा वाटला. पण आत काही भरून, उंची चोरून आला असेल तर मला नको. आज बुटात लपवतोय, उद्या पगारात लपवेल. तू या कामातला आहेस, तुला हात लावल्यावर कळतं. तू सांगशील ते मी धरून चालेन. मुद्दाम केलेले होते का?’

पुढे आई चालली होती. दिवाळी जवळ आली होती. मी म्हणालो, ‘नाही गं. आईशप्पथ, साधे होते.’

‘नक्की?’

‘नक्की.’

‘मग होकार सांगून टाक मामाला,’ ती म्हणाली.

मी अनेकदा स्वतःची समजूत घातली आहे की मी एक चांगलं लग्न मोडण्यापासून वाचवलं. हे अगदी खोटं नाही. पण बसस्टॉपवर उभा असताना मला तो माणूस चांगला आहे की वाईट हे ठाऊकच नव्हतं. ताईने मला एकच गोष्ट विचारली होती, जिचं उत्तर त्या क्षणी आमच्या बाजूला फक्त मला ठाऊक होतं, आणि ती विकून मी मुलुंड घेतलं.

साखरपुडा आमच्या खोलीत झाला. मुलगा साध्या कोल्हापुरीत आला, दारात काढून आत आला. त्याने येताच आईला विचारलं, ‘यांच्याशी दोन मिनिटं बोलू का?’ दोघं बाहेर ओट्यावर जाऊन उभी राहिली. आतून आम्हाला फक्त त्याची पाठ दिसत होती. मग ताईचं मोठ्याने हसणं ऐकू आलं. मुलाच्या आईने माझ्या आईचा हात धरला. दोघींपैकी कोण कोणाला धीर देत होती, सांगता यायचं नाही.

ताई आत आली, माझ्याजवळून जाताना थांबली आणि हळू आवाजात म्हणाली, ‘बूट मुद्दाम करून घेतले होते. त्यांच्या आईने. त्यांनी आत्ता स्वतःहून सांगितलं, मी विचारायच्या आधी. चालताना जीव जात होता म्हणे.’

मी पेढ्यांचा पुडा सोडायला घेतला.

‘तुला कळलं नव्हतं?’

‘नाही.’

मामाने मान वर केली. ‘काय कळलं नव्हतं?’

‘काही नाही, मामा,’ ताई म्हणाली. ‘बुटांचं काहीतरी. पण तो पडला रबरच्या लायनीतला, त्याला बुटातलं काय कळणार?’

सगळे हसले. मामा सगळ्यात जोरात. ती माझ्याकडे बघत होती, आणि ती हसत नव्हती.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी दुपारी भावी भावोजी माझ्या गाळ्याच्या दारात उभे. काखेत वर्तमानपत्रात बांधलेलं गाठोडं. आमच्या मशीनच्या खडखडाटात त्यांनी ते टेबलावर सोडलं. त्यात त्यांचे ते काळे बूट होते आणि ताईची चप्पल. चपलेची कड एका बाजूने उसवलेली होती. ड्रेसिंगच्या कात्रीने कापतात तशी, अगदी सरळ. आत बघितल्यावर जे दिसायचं तेच दिसत होतं, म्हणजे काहीच नव्हतं.

‘निरोप आहे,’ ते म्हणाले. ‘माझ्यातलं काढायचं आणि तिच्यातलं काढलंय ते परत घालायचं. शब्दाला शब्द हाच निरोप. मला फार कळलं नाही, पण तुम्हाला कळेल म्हणाली.’

मी त्यांना बसायला पेटी दिली. ते पायातल्या सँडल काढून, मोजे घातलेले पाय हलवत बसले. मी आधी बूट घेतले. ते कडक मधलं निघता निघेना, तुकड्या-तुकड्यांनी काढावं लागलं. सोल्यूशनचा वास पसरला.

थोड्या वेळाने ते म्हणाले, ‘त्या दिवशी देवळाबाहेर तुम्ही हे उचललेत, तेव्हा ओळखलं होतंत ना? मला तेव्हा माहीत नव्हतं तुम्ही काय काम करता. नंतर कळलं आणि घामच फुटला.’

ताईला जे सांगता आलं नाही ते मी त्या परक्या माणसाला सांगितलं. ‘हो. लगेच.’

‘मग बोलला का नाहीत?’

‘माझं लग्न अडलं होतं.’

‘माझंही,’ ते म्हणाले. मग, ‘तिला सांगू?’

‘नको.’

‘बरं. पण तिने सरळ विचारलं तर मी नाही म्हणणार नाही. मला ते जमत नाही.’

त्यांचे बूट घालून त्यांनी गाळ्यात चार पावलं टाकली. आतलं निघाल्यामुळे चामड्याला घोट्याशी सुरकुत्या पडत होत्या आणि पाऊल आत थोडं हलत होतं. ‘झकास,’ ते म्हणाले. चप्पल मी संध्याकाळी घरी घेऊन येतो असं सांगितलं.

चपलेसाठी मी गाळ्यातला सगळ्यात चांगला स्पंज घेतला. पण एकदा घासून उसवलेली कड दुसऱ्यांदा पहिल्यासारखी बसत नाही. डाव्या पायाची जेमतेम जमली, उजवी किंचित तिरकी राहिली.

घरी आलो तेव्हा ताई पाळीला जायच्या तयारीत होती. तिने चप्पल घातली, दारापर्यंत गेली, परत आली. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. एक शब्द ती तरंगण्याबद्दल बोलेल अशी वेडी आशा होती.

‘आई नाहीये घरात,’ ती म्हणाली. ‘दळण आणायला गेलीये. आता सांग. तळ सुटला होता का?’

इतकं सोपं करून कोणी कोणाला विचारत नाही. हो किंवा नाही. आई नव्हती, मामा नव्हता, तिचं लग्न ठरलं होतं, माझाही मार्ग मोकळा झाला होता. खोटं बोलायला कारणच उरलं नव्हतं.

‘कडेने थोडा सुटला होता,’ मी म्हणालो. ‘आणि ते सोल्यूशन खराब निघालं.’

तिने माझ्याकडे फारसं रागाने बघितलं नाही. ती वॉर्डात पेशंटकडे बघायची तसं बघितलं, ज्याने औषध घेतलं नाही आणि घेतलं म्हणून सांगतो आहे. मग खुंटीवरची पिशवी खांद्याला लावली.

‘बरं,’ ती म्हणाली आणि दारातून मान कलती करून बाहेर पडली. त्यानंतर आजवर तिने मला कशाबद्दलही ‘नक्की?’ असं विचारलेलं नाही.